स्वतःचेच पुस्तक जाळणारा इतिहासकार : पॉल लाँगमोर आणि उत्पन्नमर्यादेचा प्रश्न

माधवी_आ

ऑक्टोबर १९८८ मध्ये पॉल लाँगमोर या अमेरिकी इतिहासकाराने लॉस एंजेलिसच्या फेडरल बिल्डिंगसमोर आपल्या पहिल्या पुस्तकाची प्रत शेगडीवर ठेवून जाळली. पुस्तक जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावर होते, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ते नुकतेच प्रसिद्ध केले होते आणि त्यामागे सुमारे दहा वर्षांचे काम होते. १९५३ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, झालेल्या पोलिओमुळे लाँगमोर यांचे हात जवळजवळ निकामी झाले होते आणि पाठीचा कणा वाकला होता. रात्रभर आणि दिवसाही काही तास त्यांना श्वसनयंत्र लावावे लागे. तोंडात पेन धरून त्याच्या टोकाने एकेक कळ दाबत त्यांनी हे लेखन केले होते.

पुस्तकातल्या मजकुराविषयी त्यांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती सरकारी नियमाविषयी. श्वसनयंत्राचा आणि घरी येणाऱ्या मदतनिसांचा खर्च त्यांना स्वतः पेलणे शक्य नव्हते आणि अमेरिकेत ही मदत ज्या योजनांमधून मिळत असे, त्यांची पात्रता ‘ही व्यक्ती काम करून पोट भरू शकत नाही’ या गृहीतकावर उभी होती. थोडे अधिक कमावले की भत्ता जाणार, भत्त्याबरोबर वैद्यकीय संरक्षण आणि मदतनीस जाणार, आणि मग घर सोडून शुश्रूषागृहात राहण्यावाचून पर्याय उरणार नाही, असा तो पेच होता. १९८० च्या दशकात कायद्यात सुधारणा होऊन पगाराच्या बाबतीत हा फास काहीसा सैल झाला. मात्र पुस्तकाची रॉयल्टी आणि संशोधनवृत्ती यांना सामाजिक सुरक्षा प्रशासन ‘न कमावलेले उत्पन्न’ मानत असे. दहा वर्षे तोंडाने टंकलेखन करून जे मिळाले, ते कमावलेले नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि लाँगमोर यांचा निबंधसंग्रह अलीकडेच वाचून पूर्ण केला. सदस्यांना दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. अपंग व्यक्तीला मिळणाऱ्या सार्वजनिक मदतीला उत्पन्नाची मर्यादा असणे न्याय्य आहे का? आणि आपल्याकडच्या योजनांमध्ये असा पेच कोणी स्वतः अनुभवला आहे का?

शंकरपाळे

माधवीताई, दुसऱ्या प्रश्नापुरते बोलायचे तर मराठी लेखकाची रॉयल्टी कोणत्याही योजनेची उत्पन्नमर्यादा ओलांडील, ही भीती सध्या तरी पूर्णपणे निराधार आहे आणि त्यामुळे तो लेखक निराधार योजनेत कायम पात्रच राहील.

हेमांगी_सॅनहोजे

शंकरपाळे यांचा विनोद आवडला. पण इथे अमेरिकेत ती मर्यादा फार लवकर गाठली जाते, म्हणून थोडा तपशील देते. माझा मुलगा स्वमग्न आहे आणि सज्ञान झाल्यापासून त्याला एसएसआय हा अल्प उत्पन्नाच्या अपंगांसाठीचा सरकारी भत्ता मिळतो. ही योजना १९७४ मध्ये सुरू झाली. तिच्यात महिन्याला २० डॉलरपर्यंतचे कोणतेही उत्पन्न आणि त्याशिवाय श्रमाचे ६५ डॉलर हिशेबात धरले जात नाहीत. हे दोन्ही आकडे १९७४ पासून आजतागायत बदललेले नाहीत. त्यापुढे पगार असेल तर दर दोन डॉलरमागे भत्ता एका डॉलरने कमी होतो. ‘न कमावलेले’ उत्पन्न असेल तर डॉलरमागे पूर्ण डॉलर जातो. लाँगमोर यांची रॉयल्टी कोणत्या खान्यात टाकायची, हा वाद म्हणूनच निव्वळ शब्दांचा नव्हता.

उत्पन्नाच्या जोडीला मालमत्तेचीही मर्यादा आहे. एका व्यक्तीच्या नावावर २,००० डॉलर आणि दांपत्याच्या नावावर ३,००० डॉलर, त्याहून अधिक शिल्लक असता कामा नये. हे आकडे १९८९ पासून तिथेच थांबले आहेत. एसएसआय घेणाऱ्या दोघांनी लग्न केले की चार हजारांचे तीन हजार होतात. पुण्याहून आजोबांनी नातवाला वाढदिवसाला पैसे पाठवले, तर ते कोणत्या खात्यात ठेवायचे याचा विचार आम्हाला आधी करावा लागतो. २०१४ च्या एबल कायद्यामुळे वेगळ्या खात्यात एक लाख डॉलरपर्यंतची रक्कम एसएसआयच्या हिशेबाबाहेर ठेवता येते, हा मोठाच दिलासा आहे. त्याआधी अनेक पालक ‘मुलाच्या नावावर काही ठेवू नका’ असेच एकमेकांना सांगत असत.

गोदाकाठ

माझ्या नोकरीतील बराच काळ तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत गेला, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये होती आणि दिव्यांग अर्जदारांसाठी ती ५०,००० करण्यात आली. या मर्यादा अपुऱ्या आहेत, हे मी स्वतः समितीच्या बैठकांमध्ये बोललो आहे. परंतु मर्यादाच नको, या मताशी मी सहमत नाही. तालुक्याला मिळणारा निधी ठरलेला असतो. पाच एकर बागायत, दारात ट्रॅक्टर आणि हातात चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेला माणूस रांगेत पुढे उभा राहिला, तर मागे जमिनीवर सरकत येणाऱ्या बाईच्या वाट्याला काय राहणार, याचे उत्तर तत्त्वाच्या पातळीवर देणे सोपे आहे, यादी करायला बसल्यावर ते सोपे राहत नाही.

लाँगमोर यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो की, नामांकित विद्यापीठातून पीएचडी झालेल्या आणि पुस्तक प्रसिद्ध झालेल्या गृहस्थांनी गरिबांसाठीची योजना सोडायला तक्रार का करावी?

निळावंती

गोदाकाठ काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या घरात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या धाकट्या भावाला स्नायुक्षयाचा आजार आहे. तो घरून संगणकावर काम करतो आणि त्याचा पगार मध्यमवर्गीय म्हणावा असा आहे. त्याला रात्री स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी कोणीतरी उठून त्याची कूस बदलावी लागते. श्वासाला मदत करणारे त्याचे बायपॅप यंत्र रात्रभर चालू असते आणि वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ टिकेल यावर आमची झोप ठरते. दिवसाचा मदतनीस, रात्रीचा मदतनीस, यंत्राचा मास्क, बॅटरी, फिजिओथेरपी हे सारे वजा केल्यावर त्याच्या पगारातून घरखर्चाला जे उरते, ते आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशींच्या मिळकतीहून कमी भरते. उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र पूर्ण पगार लिहिला जातो.

तुम्ही ज्याला गरिबांसाठीची योजना म्हणता, ती लाँगमोर यांच्यासाठी श्वास घेण्याची योजना होती. खाजगी विमा कंपन्या अशा माणसाचा यंत्राचा आणि मदतनिसांचा आयुष्यभराचा खर्च उचलत नसत आणि प्राध्यापकाच्या पगारात तो बसत नसे. चरितार्थाचा पैसा आपण मिळवू, यंत्राचा आणि मदतनिसांचा तेवढा चालू राहू द्या, इतकेच त्यांचे म्हणणे होते. यात तक्रार करण्यासारखे नाही, तर कशात आहे?

विषमभुज

निळावंती यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. चरितार्थाचा खर्च आणि अपंगत्वाचा जादा खर्च असे दोन स्तंभ आखल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही.

माधवी_आ

गोदाकाठ साहेब, आपला यादीचा मुद्दा खरा आहे आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार नाही. मात्र ‘नामांकित विद्यापीठातून पीएचडी’ या शब्दांमागे काय घडले, ते सांगते. लाँगमोर यांनी ऑक्सिडेंटल कॉलेजातून पदवी आणि एम. ए. केले आणि १९८४ मध्ये क्लेअरमाँट येथून पीएचडी मिळवली. विद्यार्थिदशेतच त्यांच्या शिक्षकांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते की, अशा शरीराच्या माणसाला कोणतेही महाविद्यालय शिकवायला घेणार नाही. त्याच कारणाने पदव्युत्तर शिक्षणाची विद्यावृत्तीही त्यांना नाकारली गेली. एकीकडे शिक्षणसंस्था म्हणत होत्या की तुम्हाला नोकरी मिळणार नाही, आणि दुसरीकडे सरकार म्हणत होते की नोकरी मिळवलीत तर श्वसनयंत्राचे पैसे बंद होतील. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत ते रुजू झाले १९९२ मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिशीच्या मध्यावर. पुढे त्याच विद्यापीठात त्यांनी अपंगत्वाच्या अभ्यासाची संस्था उभी केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुस्तकवेडा

मूळ मागणी मला पटते, तरीही पुस्तक जाळण्याची कृती पटत नाही. ग्रंथ जाळणाऱ्यांचा इतिहास काही गौरवाचा नाही आणि एका इतिहासकाराला हे ठाऊक नसेल, असे मी मानत नाही. निदर्शनासाठी अर्ज जाळता आला असता, नियमावली जाळता आली असती. पुस्तकावर अक्षरे उमटवायला ज्याला दहा वर्षे लागली, त्याने तेच आगीत टाकावे, हे पाहणाऱ्याला अस्वस्थ करते.

बुधवार_पेठी

पुस्तकवेडा, पाहणारा अस्वस्थ व्हावा हाच त्या कृतीचा हेतू होता, असे नाही का वाटत? आपल्याकडे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, ते दुसऱ्याने लिहिलेल्या आणि अन्यायाचा आधार ठरलेल्या ग्रंथाचे होते. लाँगमोर यांच्या कृतीचा प्रकार निराळा आहे, कारण त्यांनी जाळले ते स्वतःचे श्रम. ‘तुमच्या नियमानुसार याची किंमत शून्य आहे, तर मग हे घ्या,’ असे त्यांनी दाखवून दिले. नियमावली जाळली असती, तर वर्तमानपत्रांनी चार ओळीही छापल्या नसत्या.

अवांतर : तुकोबांची गाथा इंद्रायणीतून वर आली, अशी आपली श्रद्धा आहे. लॉस एंजेलिसच्या शेगडीतून काही वर आले नाही; नियम तेवढा बदलला.

माधवी_आ

बुधवार_पेठी यांच्या मुद्द्याला जोडून एक निरीक्षण नोंदवते, जे मला या प्रकरणात सर्वांत रोचक वाटते. जाळलेल्या पुस्तकाचा विषय काय होता? वॉशिंग्टन यांनी स्वतःची सार्वजनिक प्रतिमा किती जाणीवपूर्वक घडवली, लोकांसमोर कोणत्या वेळी कसे उभे राहायचे आणि कोणत्या वेळी मागे सरायचे याचे भान त्यांनी कसे राखले, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. एखाद्या कृतीचे सार्वजनिक दर्शन राजकारणात किती वजन मिळवते, याचा दहा वर्षे अभ्यास केलेल्या माणसाने ती शेगडी, ती जागा आणि ते पुस्तक निवडले होते. त्यामुळे ही कृती रागाच्या भरात झाली असावी, असे मला वाटत नाही. त्यांच्यासोबत अपंग कार्यकर्ते हातात फलक घेऊन उभे होते आणि ‘आम्हाला काम हवे, भिकेचे कटोरे नकोत’ अशा आशयाचा मजकूर त्यांवर होता.

पुस्तकवेडा यांच्या समाधानासाठी सांगते की जळली ती एक प्रत. पुस्तक ग्रंथालयांतून सुखरूप आहे.

पुस्तकवेडा

एक प्रत असली तरी माझा आक्षेप कायम ठेवतो. मात्र विषयाचा हा धागा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो जाणून घेऊन मी ते पुस्तक मिळवून वाचणार आहे.

वऱ्हाडी_ठेचा

लाँगमोर यांचे टेलिथॉनवरचे लेखन कोणी वाचले आहे का? अमेरिकेत सप्टेंबरच्या लेबर डेच्या सुट्टीत जेरी लुईस हे विनोदी नट स्नायुक्षय झालेल्या मुलांसाठी दूरचित्रवाणीवर तासन्‌तास चालणारा निधिसंकलनाचा कार्यक्रम करत. मुलाला चाकांच्या खुर्चीवर मंचावर आणायचे, संगीत हळवे करायचे आणि उद्योगपतींनी मोठ्या आकाराचे धनादेश कॅमेऱ्यासमोर धरायचे, असा त्याचा साचा होता. लाँगमोर यांचा निष्कर्ष असा की या कार्यक्रमांत देणाऱ्याचे मोठेपण हाच मुख्य माल असतो आणि मूल हे त्याचे निमित्त असते. ते मूल मोठे होऊन नोकरी मागू लागले की दाते दिसेनासे होतात, कारण नोकरी मागणाऱ्या प्रौढाची कीव करता येत नाही. अमेरिकेत मूलभूत उपचारांचा खर्च सरकारने न उचलल्यामुळे हे कार्यक्रम लागत होते, हेही ते सांगतात.

आमच्या जिल्ह्यात साहित्यवाटपाची शिबिरे होतात. तीनचाकी सायकल मिळवण्यासाठी लोक सकाळी सातपासून मंडपात बसलेले असतात आणि प्रमुख पाहुणे दुपारी येतात. सायकलवर मान्यवरांचे नाव आणि छायाचित्र असलेले स्टिकर आधीच चिकटवलेले असते. माझ्या चुलत्यांना मिळालेल्या कुबड्या त्यांच्या उंचीला वीतभर मोठ्या होत्या, पण छायाचित्रात ते कळत नाही. कुबड्या बदलून घेण्यासाठी पुन्हा गेलो, तेव्हा शिबिर संपले होते आणि बदलून देणारे कोणीच नव्हते.

गोदाकाठ

वऱ्हाडी_ठेचा यांनी शिबिराचे जे वर्णन केले आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि आतून पाहिल्यामुळे एक भर घालतो. लाभार्थ्यांना मंचावर न बोलावता साहित्य घरी पोहोचवावे, असे सुचवले की पहिला प्रश्न येतो, ‘मग लोकांना कळणार कसे?’ मापे घेऊन, नावानिशी यादी करून वाटप करणे प्रशासकीयदृष्ट्या अवघड नाही. ते होत नाही, याचे कारण निधी नसून समारंभ आहे. इथे लाँगमोर यांचे विश्लेषण मला बिनशर्त मान्य आहे.

तर्कदुष्ट

लाँगमोर यांची सर्वच मते पवित्र मानू नयेत, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात एलिझाबेथ बूव्हिया या सेरेब्रल पाल्सी असलेल्या तरुणीने रुग्णालयात अन्न नाकारून मरण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. लाँगमोर यांनी तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्यवाद्यांवर कठोर टीका केली आणि पुढे वैद्यकीय साहाय्याने मृत्यू देण्याच्या कायद्यांनाही ते सतत विरोध करत राहिले. एका सज्ञान, सुशिक्षित स्त्रीचा स्वतःच्या देहावरचा निर्णय दुसऱ्या अपंग व्यक्तीने तरी का नाकारावा? स्वयंनिर्णयाची मागणी करणाऱ्या माणसाच्या विचारात मला ही विसंगती वाटते.

निळावंती

तर्कदुष्ट, त्यांचा तो निबंध मी वाचला आहे आणि त्यात तुम्ही म्हणता तसा साधा नकार नाही. बूव्हिया समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती, तिथे तिच्याशी भेदभाव झाला आणि तिला शिक्षण सोडावे लागले. गर्भपात झाला, विवाह मोडला. या सगळ्यानंतर तिने मरण मागितले, तेव्हा न्यायालयापासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वांनी गृहीत धरले की कारण तिचे शरीर आहे. हीच कहाणी एखाद्या धडधाकट तरुणीची असती, तर तिला समुपदेशकाकडे नेले असते. बूव्हियाला वकील आणि टाळ्या मिळाल्या. लाँगमोर यांचा प्रश्न असा आहे की, जगण्याचे सारे पर्याय एकेक करून काढून घेतल्यावर उरलेल्या एकाच पर्यायाला निवड का म्हणावे?

माझा भाऊ काही वर्षांपूर्वी फार खचला होता. तेव्हा भेटायला आलेल्या एका सुशिक्षित नातेवाइकाने त्याच्यासमोरच म्हटले की, देवाने याला सोडवावे. त्या दिवसांत त्याला खरोखर हवा होता तो रात्रीचा भरवशाचा मदतनीस. तो मिळाल्यावर महिन्याभरात त्याने नव्या कामासाठी अर्ज केला. प्रत्येकाचे असेच होईल, असे मी म्हणत नाही.

तर्कदुष्ट

निळावंती, तुमचा युक्तिवाद दमदार आहे आणि भावाविषयीचे वाचून मी नि:शब्द झालो, तरी माझी शंका पूर्ण फिटलेली नाही. पर्याय उपलब्ध करून दिल्यावरही कोणी तीच मागणी केली, तर लाँगमोर काय म्हणाले असते? त्यांच्या लेखनात मला याचे समाधानकारक उत्तर सापडले नाही. हा विषय स्वतंत्र धाग्याचा आहे, म्हणून इथे थांबतो.

कोकणकडा

वाचनीय धागा आहे. अपंगांची अशी आंदोलने साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकी चळवळींच्या वातावरणातून आली असावीत, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का?

माधवी_आ

कोकणकडा, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो खोडून काढण्याचे कामही लाँगमोर यांनीच केले. डेव्हिड गोल्डबर्गर यांच्याबरोबर २००० साली त्यांनी एका नामवंत इतिहासविषयक नियतकालिकात प्रदीर्घ लेख लिहिला. महामंदीच्या काळात न्यूयॉर्क शहरात बेरोजगारांना सरकारी कामे दिली जात होती, पण अपंग अर्जदारांना कामास अयोग्य म्हणून आधीच बाजूला काढले जाई. १९३५ मध्ये काही तरुण अपंगांनी, ज्यांच्यात पोलिओ झालेल्यांची संख्या मोठी होती, मदत कार्यालयात ठाण मांडून धरणे दिले आणि त्यातून अपंगांचा एक संघ उभा राहिला. त्यांना भत्ता नको होता, काम हवे होते. त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदी फ्रँकलिन रूझवेल्ट होते, जे स्वतः चाकांच्या खुर्चीवर असत आणि ती छायाचित्रांत दिसू नये याची काळजी घेत, हा यातला कडवट विनोद आहे.

म्हणजे १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत सुमारे महिनाभर चाललेले प्रसिद्ध धरणे, १९८८ ची शेगडी आणि १९९० चा अमेरिकी अपंग हक्क कायदा यांच्या मागे निदान अर्धशतकाची परंपरा होती. कोणी ती लिहून ठेवली नव्हती, म्हणून प्रत्येक पिढीला आपणच पहिले आहोत असे वाटत राहिले.

शंकरपाळे

आता न थट्टा करता विचारतो. त्या शेगडीचा परिणाम नेमका काय झाला? धाग्यात ‘नियम बदलला’ असे आले आहे, पण कोणता नियम आणि किती, हे कोणी सांगितलेले नाही.

हेमांगी_सॅनहोजे

शंकरपाळे, प्रकाशित लेखनाची रॉयल्टी पुढे ‘कमावलेल्या’ उत्पन्नात धरली जाऊ लागली आणि या बदलाला लाँगमोर यांच्याच नावाने ओळखतात. त्याचा अर्थ असा की लेखकाच्या रॉयल्टीला आता पगाराप्रमाणे ६५ डॉलरची आणि अर्ध्या कपातीची सवलत मिळते. संशोधनवृत्त्यांचा प्रश्न मात्र त्या बदलाने सुटला नाही आणि लाँगमोर यांनी स्वतःच ही उणीव लिहून ठेवली आहे. मालमत्तेची २,००० डॉलरची मर्यादा तर आजही तशीच आहे. इतक्या मोठ्या धक्क्याने भिंतीची एक वीट हलली, असे मी म्हणेन. पण त्या विटेमुळे पुढच्या लेखकाला पुस्तक जाळावे लागले नाही.

कलम_आणि_वही

व्यवसायाने वकील आहे, म्हणून माधवीताईंच्या मूळ प्रश्नाकडे परत नेतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २४ वे कलम सामाजिक सुरक्षेविषयी आहे. त्यात साहित्य-साधने, औषधे आणि शस्त्रक्रिया मोफत देण्याची तरतूद करताना ‘अधिसूचित केलेल्या उत्पन्नमर्यादेत’ असे म्हटले आहे आणि दिव्यांग निवृत्तिवेतनालाही तशीच मर्यादा घातली आहे. मात्र त्याच यादीत अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी मदतनीस भत्त्याचे जे उपकलम आहे, त्यात उत्पन्नमर्यादेचा उल्लेख नाही. निळावंती आणि विषमभुज ज्या दोन स्तंभांविषयी बोलत आहेत, त्यांतील एक स्तंभ कायद्याने अर्धामुर्धा का होईना, आखून ठेवलेला आहे. शिवाय अशा योजनांमधील मदत इतरांसाठीच्या समान योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावी, असेही तेच कलम सांगते. ‘शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हे शब्द या कलमाच्या आरंभीच असल्यामुळे अंमलबजावणी टाळण्याची वाटही त्यातच आहे, हे नमूद करणे भाग आहे.

दुसरा मुद्दा गोदाकाठ साहेबांसाठी. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ८०यू कलमाखाली चाळीस टक्के अपंगत्वाला ७५,००० रुपयांची आणि ऐंशी टक्क्यांपुढे १,२५,००० रुपयांची वजावट जुन्या करप्रणालीत मिळत आली आहे. तिला वरची उत्पन्नमर्यादा नाही आणि प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्याही मागितल्या जात नाहीत. करदात्याच्या बाबतीत अपंगत्वाचा जादा खर्च श्रीमंती न पाहता मान्य करायचा आणि शेतमजुराच्या बाबतीत ५०,००० रुपयांवर हात आखडता घ्यायचा, हे एकाच राज्यव्यवस्थेत कसे बसते?

गोदाकाठ

कलम_आणि_वही यांची तुलना बिनतोड आहे; करवजावटीच्या बाजूने मी कधी विचार केला नव्हता. ५०,००० म्हणजे महिन्याला चार हजार रुपयांच्या आसपास, आणि ते संपूर्ण कुटुंबाचे. भाऊ मजुरीला गेला तरी मर्यादा ओलांडली जाते, म्हणून उत्पन्नाचे दाखले कसे तयार होतात, हे तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असते. माझ्या टेबलावर एक मुलगी यायची. एका पायाला कॅलिपर होते आणि शिवणकाम उत्तम करायची. तिला शाळेच्या गणवेशांचे मोठे काम मिळत होते. अनुदान बंद होईल या भीतीने तिच्या वडिलांनी ते घेऊ दिले नाही. त्या वेळी मी वडिलांनाच दोष दिला होता.

तरीही निवृत्तिवेतनाला मर्यादा असावी, हे माझे मत मी सोडत नाही. फक्त ती कुटुंबाच्या नव्हे, तर व्यक्तीच्या उत्पन्नावर असावी आणि ओलांडल्यावर पैसे एकदम न तुटता टप्प्याटप्प्याने कमी व्हावेत. मदतनिसाचा, यंत्राचा आणि साधनांचा खर्च मात्र मर्यादेबाहेर काढावा, हे निळावंती यांचे म्हणणे मला मान्य आहे.

निळावंती

काका, इतके झाले तरी आमच्यासारख्या घरांना पुरेसे आहे. कलम_आणि_वही, त्या मदतनीस भत्त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा आणि अधिक आधाराची गरज कोण ठरवते, हे कृपया लिहाल का?

कलम_आणि_वही

निळावंतीताई, त्याच कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार शासनाने नेमलेल्या प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. ते प्राधिकरण प्रकरण मूल्यमापन मंडळाकडे पाठवते आणि किती व कोणता आधार लागतो याचा अहवाल मंडळ देते. भावाचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र), रात्रीच्या मदतनिसाच्या वेळा आणि बायपॅपचा वैद्यकीय सल्ला यांच्या प्रती जोडून जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नये. अर्ज तोंडी फेटाळला गेला, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. मसुदा मी या धाग्यावर रविवारपर्यंत टाकतो, म्हणजे इतरांनाही वापरता येईल.

विषमभुज

मसुद्यात खर्चाचे दोन स्तंभ वेगळे दाखवणारा तक्ता हवा असल्यास मी करून देतो. निळावंती, मदतनीस, मास्क, बॅटरी आणि वीज यांचे महिन्याचे ढोबळ आकडे निरोपातून पाठवावेत.